शनिवारची सफाई

५ जानेवारी २०२५, रविवार

या हातांनी केलेलं: घरातले दोन्ही कूलर. मोटर गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या मागच्या चाकावर. गच्चीचा लोखंडी जिना, ज्याची एकही पायरी दुसरीपेक्षा सूतभर उंच नाही. बायकोचं, नंदाचं, शिलाईचं टेबल. त्याचा ड्रॉवर आजवर अडकलेला नाही. पुढच्या दाराची कडी, बाहेरूनही उघडते, पण फक्त आम्हा दोघांना. दिव्यांची तपासपेटी. आणि पटिया.

कोणापाशी शिकलो नाही. वडील फॅक्टरीत फिटर होते, पण भोंगा वाजल्यावर पान्याला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. म्हणून घरात जे बिघडलं ते मी उघडलं, आणि उघडलेलं परत बंद होईपर्यंत जेवलो नाही. आयटीआयचा कागद माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे ते आपले कूलर माझ्याकडेच आणतात.

पटियाचं नीट लिहून ठेवतो. ई-रिक्षाच्या पोटात ज्या तारा असतात त्यांची एक जुडी असते, तिला हार्नेस म्हणतात. ती जुडी हवेत बांधता येत नाही. फळीवर खिळे ठोकून वाट आखावी लागते, त्या वाटेने तारा टाकायच्या, बांधायच्या, आणि शेवटी कनेक्टरमध्ये खुपसायच्या. कनेक्टर म्हणजे प्लास्टिकची डबी, तिला नऊ घरं. कोणत्या घरात कोणत्या रंगाची तार जाईल हे ठरलेलं. त्या घरांचे आकडे मी पटियावर पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवले आहेत, इतके सारखे की लोकांना छापील वाटतात.

बाकी सगळी बोर्ड म्हणतात. बायका पटिया म्हणतात, म्हणून आता मीही.

बायका सहा. कलावती सर्वात मोठी, आधी चार घरचा स्वयंपाक करायची. नेहा सर्वात लहान, आमच्याच चेरीताल मोहल्ल्यातली, मराठी, मला काका म्हणते. बाकी सगळ्यांचा भैयाजी. पीथमपूरच्या कंपनीने फेब्रुवारीअखेरपर्यंत परीक्षा म्हणून काम दिलं आहे. माल बरोबर गेला तर वर्षाचं काम पक्कं. नाही तर टेबल बंद, सहा जणी घरी, आणि मी परत कूलरच्या पंपात. मी कूलरमध्ये सुखी होतो. पण त्या सहा जणींना मी बोलावून आणलं आहे, त्या स्वतःहून आल्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं: पटियात चूक नाही. चूक झाली तर ती हातात शोधायची.

११ जानेवारी, शनिवार

सफाई. बायका शनिवारी दोनला जातात, मग मी पटिया उभा करून पुसतो. तारांचे तुकडे, चहाचे डाग, आणि टिकल्या. टिकल्यांचं मला कळत नाही. काम करता करता कपाळाची निघते, ठेवायला जागा नाही, तर लावली समोर. नंदा न्हाणीघराच्या आरशावर हेच करते. पण आरसा आरसा आहे आणि पटिया पटिया आहे. आकड्यांच्या अगदी बाजूला लावतात, एखादी तर आकड्यावरच. एक हिरवी, खड्याची. दोन मोठ्या लाल. ब्लेडने खरवडल्या, थिनरच्या बोळ्याने डिंक काढला. पटिया परत नव्यासारखा.

नंदा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, एवढं तर तुम्ही आपलं तोंड नाही घासत.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर हॉर्न.

तपासपेटीचं लिहायचं राहिलं. तयार हार्नेस पेटीला जोडायचा. सगळं बरोबर असेल तर नऊ दिवे लागतात. एक तार जरी दुसऱ्याच्या घरात गेली तर हॉर्न वाजतो. खराखुरा, ट्रकचा. छोटी घंटी लावता आली असती, पण चूक ऐकू आली पाहिजे या मताचा मी आहे. गल्लीलाही ऐकू जाते. समोरचे किराणावाले हॉर्न वाजला की तिथूनच ओरडून विचारतात की कौन सी गाडी आ रही है.

एकदा खुपसलेली तार ओढून काढली की घर ढिलं होतं, तो हार्नेस कंपनी घेत नाही. म्हणजे एक हॉर्न, एक हार्नेस कचऱ्यात. नेहाचे सर्वात जास्त. तिचे हात चांगले आहेत, तारा सुबक बांधते, पण कनेक्टरपाशी आली की डोळे मिटल्यासारखी करते.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, सुट्टी. सगळ्या ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारून आल्या. आज डब्यात तिळाचे लाडू घेऊन कामावर. कलावतीने माझ्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, खा लो भैयाजी, साल भर मीठा बोलना. नेहा हसली. मी काय कडू बोलतो काय? बरोबर बोलतो, एवढंच.

हॉर्न आज कमी.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज एकदाही नाही.

मी यावर विचार केला आहे. सोमवारी हॉर्न सर्वात जास्त. मंगळवारी त्याहून कमी. शुक्रवार-शनिवार शांत. सोमवारी परत तेच. प्रत्येक आठवड्याचा हाच ताल. कोणी शिकलेला असता तर त्याने यावर आलेख काढला असता आणि आलेखात अडकला असता. मला कारण सरळ दिसतं: रविवार. एक दिवस हात रिकामे राहिले की डोक्यातून घरं पुसली जातात.

उपाय: रविवारी सकाळी वर्ग. प्रशिक्षण. तासाचे पैसे देईन. फळा आहेच.

१८ जानेवारी, शनिवार

सफाई केली. टिकल्या परत. या वेळी जास्त. सांगितलं पाहिजे की कामावर येताना लावू नका, पण बायकांना कपाळाबद्दल काय सांगायचं. खरवडल्या.

१९ जानेवारी, रविवार

वर्ग उत्तम झाला. फळ्यावर डबी काढली, तोंडाकडून, नऊ घरं, नऊ रंगांचे खडू. मी तासभर बोललो. तार म्हणजे काय, करंट कुठून निघतो, कुठे जातो, चुकीच्या घरात शिरला तर कोणाचं काय जळतं. मग एकेकीला उभं करून विचारलं. सगळ्यांनी सगळं बरोबर सांगितलं. नेहाने तर उलटं पण म्हणून दाखवलं, नऊपासून एकपर्यंत.

कलावती जांभई देऊन म्हणाली, मुँह से तो भैयाजी हम पूरी रिक्शा चला दें.

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

२० जानेवारी, सोमवार

आजवरचा सर्वात वाईट दिवस. हॉर्न इतका वाजला की किराणावाल्यांनी विचारणं सोडून दिलं. नेहाने जेवणाचा डबा उघडला नाही.

काल सगळं पाठ होतं. आज काहीच नाही. म्हणजे एक वर्ग पुरत नाही. दर रविवारी दोन तास.

२३ जानेवारी, गुरुवार

ताप. नंदा म्हणते डेंग्यू नाही, डॉक्टर म्हणतो डेंग्यू नाही, तरी हाडं मोडून राहिली. वर खोलीत पडलो आहे. कारखाना खाली, पायांखालीच. कलावतीला किल्ली दिली.

२९ जानेवारी, बुधवार

अजून उठवत नाही. पडल्या पडल्या कान खाली लावून असतो. कातरीचा आवाज येतो, बायकांचं बोलणं येतं, हसणं फार येतं. हॉर्न येत नाही.

सोमवारपासून एकदाही नाही. हॉर्नची तार काढून ठेवली असणार. नंदाला खाली पाठवलं, म्हटलं बघून ये. ती बऱ्याच वेळाने आली, तोंडात काही चघळत. म्हणाली, हॉर्न चांगला आहे, दाबून पाहिला. मग काहून वाजत नाही? म्हणाली, वाजायला चूक लागते ना.

म्हणजे वर्गाचा गुण आला. उशिरा, पण आला. शिकवलेलं आत मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखं. एका तासाच्या वर्गाने हे होतं, तर दोन तासांच्या वर्गाने काय होईल.

२ फेब्रुवारी, रविवार

नंदाच्या बाजाराच्या पिशवीत टिकल्यांची पाकिटं. तीन. म्हटलं, या वयात एवढ्या कुठे लावतेस? हसली. वर्ग घेता आला नाही. घसा बसला आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीचा फोन. गेल्या खेपेतला एकही हार्नेस परत नाही. त्यांचे हेमचंद्र म्हणून तपासणीवाले आहेत, ते स्वतः सोमवारी येणार. समोर बसून दिवसभर काम पाहणार, आणि मग वर्षाच्या कामाचं ठरवणार.

ताप गेला. फोनमुळे गेला असं नंदा म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन आठवड्यांनी खाली उतरलो आणि पटिया पाहून हादरलो. टिकल्याच टिकल्या. लाल, हिरव्या, काळ्या, पिवळ्या, खड्याच्या, चांदीच्या किनारीच्या. आकडे दिसतच नव्हते. नवरीचा हात असावा तसा पटिया. सोमवारी साहेब येणार आणि हे असं.

बायका गेल्यावर लागलो. नंदा जिन्यात बसून म्हणाली, राहू द्या ना. साहेब काय पटियाला बघायला येऊन राहिला?

पटियालाच बघायला येऊन राहिला, म्हटलं.

राहू द्या म्हणून सांगून राहिली मी, ती परत म्हणाली, आणि वर निघून गेली. तीन तास लागले. आकड्यांवर पेंटचा एक हात नवा दिला. आता आरशासारखा आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

कसं लिहू.

हेमचंद्र सकाळीच आले. वय माझ्याएवढंच, खिशाला तीन पेनं, बोलणं मऊ. पटिया पाहून म्हणाले, बहुत साफ़ काम है. मला इतकं बरं वाटलं की चहात दोनदा साखर सांगितली.

बायका येऊन पटियासमोर उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या. मला वाटलं साहेबांमुळे बावरल्या.

पहिला हार्नेस नेहाचा. हॉर्न. दुसरा कलावतीचा, ठीक. तिसरा परत नेहाचा, हॉर्न. मग बाकीच्यांचेही. हेमचंद्रांनी कानावर हात ठेवला नाही, त्यांच्या सभ्यपणाचं मला फार वाईट वाटलं. मी नेहाच्या मागे जाऊन उभा राहिलो, प्रत्येक तार टाकताना सांगत होतो, तरी चुकली. मी सांगतोय आणि चुकतेय.

जाताना म्हणाले, अंबादासजी, चोवीसला परत येतो. त्या दिवशी मात्र ठरवावंच लागेल. गेल्या खेपेतला माल कोणी बनवला होता, असं पण विचारलं. याच बायकांनी, म्हटलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं. त्यांना वाटलं मी खोटं बोलतो.

रात्री नंदाला सांगितलं, उद्या नेहाला घरी पाठवतो. एकीमुळे पाच जणींचं काम जाईल. नंदाने विचारलं, एकीमुळेच ना? पक्कं ना? म्हटलं पक्कं. तिने पोळी माझ्या ताटात जरा जोराने टाकली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं लिहितो, क्रमाने.

मी नेहाला बाजूला बोलावलं. अजून वाक्य सुरूच केलं होतं की कलावती कातरी ठेवून आली. तिला कसं कळलं ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, नंदा.

म्हणाली, "निकालना है तो निकालो। पहले एक आप बना के दिखा दो, भैयाजी। हमारी चाल से।"

मला हसू आलं. पटिया मी बनवला, तपासपेटी मी बनवली. खुर्ची ओढून बसलो. पहिला हार्नेस आरामात केला, पेटीला लावला, नऊ दिवे. बघा, म्हटलं.

"ये तो आपकी चाल है," कलावती म्हणाली. "अब हमारी."

ती बाजूला उभी राहून रंग सांगू लागली, त्या एकमेकींना सांगतात तसे, गाण्यासारखे, न थांबता. लाल, काली, पीली, हरी. हात पळत होते, मी त्यांच्या मागे. पेटीला लावला.

हॉर्न.

समोरून किराणावाल्यांचा आवाज आला. कोणी हसलं नाही. मी तार पाहिली. पहिल्या घरातली शेवटच्या घरात गेली होती. परत केला. परत हॉर्न. तेच घर. तिसऱ्यांदा मी कनेक्टर हातात घेऊन नुसता बसलो.

घरांचे आकडे मी डबीच्या तोंडाकडून मोजून रंगवले आहेत. तार खुपसायची पाठीकडून. तोंडाकडून जे पहिलं घर, पाठीकडून ते शेवटचं. हळू करताना मी मनातल्या मनात डबी फिरवून घेत होतो, इतक्या सवयीने की फिरवतो हेच ठाऊक नव्हतं. घाईत फिरवायला वेळ नव्हता. आकडे रंगवले त्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो. उजेड तिकडून चांगला येतो.

विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं?

नेहा म्हणाली, "आम्ही टिकल्या लावत होतो ना काका. लाल तारेच्या घरापाशी लाल, हिरवीच्या घरापाशी हिरवी. मग आकड्याकडे पाहायचंच नाही."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच म्हणाले होते, पटियात चूक नाही."

आणि मी दर शनिवारी खरवडून काढत होतो, तेव्हा तरी बोलायचं, म्हटलं. त्यांनी कलावतीला पुढे ढकललं. शेवटी कलावती म्हणाली, "हम समझे शनिवार का कोई नेम है आपका। नेम में कौन टोके।"

नेम! आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, शनीशी माझं देणं ना घेणं. आणि या बायका इतके दिवस माझा नेम मोडू नये म्हणून दर सोमवारी गुपचूप नव्या टिकल्या लावायच्या. ज्या घरापाशी हॉर्न वाजला तिथे एक. मंगळवारी अजून एक. शुक्रवारपर्यंत पटिया भरायचा, आणि शनिवारी मी ब्लेड घेऊन यायचो.

कोण आधी हसलं ते आठवत नाही. मी नाही. पण मग मीही. नेहाला इतकं हसू आलं की तिने टेबलावर डोकं टेकलं. जिन्यात नंदाचा आवाज आला, झालं काय एकदाचं?

नेहाला जे सांगायला बोलावलं होतं ते सांगायचं राहिलं. तिने विचारलं नाही. मीही आठवण दिली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कमानिया गेटच्या बाजारात गेलो, टिकल्या आणायला. आजवर त्या बायका स्वतःच्या पाकिटातल्या लावत होत्या, काही नंदाने पुरवल्या. कारखान्याचं सामान कारखान्यानेच आणलं पाहिजे.

दुकानदाराने विचारलं, भाभीजी का कौन सा साइज़ चलता है? मी खिशातून माप घ्यायचं व्हर्नियर कॅलिपर काढलं आणि म्हटलं, सहा मिलिमीटर, नऊ रंगांत, चमक नको, उजेड परततो. त्याने कॅलिपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आतून आपल्या बायकोला बोलावलं. तिने सगळी पाकिटं गल्ल्यावर पसरली. दोन रंगांत सहाचं माप मिळेना, पाचचं होतं. मी म्हटलं चालणार नाही. मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, अंकल, किसकी शादी है? खरं सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही. पण तपकिरी रंगाच्या टिकल्या शेवटी तिनेच शोधून दिल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पटियावर डबी ज्या खाचेत बसते ती उलटी बसवायचं ठरवलं, म्हणजे पाठ बायकांकडे येईल, आणि आकडे नव्याने रंगवायचे. ब्रश काढला तर नेहा म्हणाली, रंग नका देऊ काका, टिकलीच राहू द्या.

काहून? पेंट पक्का असतो.

म्हणाली, "पक्का असतो म्हणूनच. टिकली हलवता येते."

ब्रश परत ठेवला. जेवताना डोक्यात तेच फिरत होतं. मी आजवर जे बनवलं ते पक्कं बनवलं. जिना पक्का, कडी पक्की. त्याचाच मला अभिमान. जिन्यावरून तर आम्ही नुसते चढतो. पण पटियावर कोणी दुसरं दिवसभर काम करतं, त्याच्या हाताला कुठे खुपतं हे मला वरून कसं दिसणार? हातांचे सहा जोड, सहा उंच्या. ते हात आणि तो पटिया, दोन्ही मिळून एक यंत्र. मी अर्धंच यंत्र बनवलं होतं आणि बाकी अर्ध्याला वर्ग घेत होतो.

हे वाक्य मला आवडलं. उद्या कलावतीला ऐकवीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऐकवलं. म्हणाली, अच्छा. चलो, फिर वो कील हटाओ.

कोणता खिळा? डाव्या कोपऱ्यातला. सगळ्यांच्या बांगड्या तिथे अडकतात. माझ्या आखणीप्रमाणे तो खिळा तिथेच पाहिजे. पण मी आज ठरवलं आहे की काम सुटायच्या आधी थोडा वेळ पटिया बायकांचा. जिला जे हलवायचं ते हलवा, सगळ्यांना सांगा, आणि दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर परत. मी शेवटी बोलणार, आधी नाही. नंदा म्हणते हा शेवटचा भाग पाळला गेला तर ती पेढे वाटेल.

कलावतीने खिळा स्वतः उपटला. मी दुसरीकडे पाहत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खिळा हलवल्यापासून तारा लवकर बसतात. मान्य करायला दोन दिवस घेतले.

आजपर्यंत हलवलेलं: तारांची रिळं उजवीकडून डावीकडे, कारण दोघी जणी डावखुऱ्या आहेत आणि मला ठाऊक नव्हतं. टेबलाखाली पाय ठेवायला पाट. लाल आणि तपकिरी तारा शेजारी होत्या, आता लांब. दिवा खाली. माझी खुर्ची, जी त्यांच्या मागे होती, आता खिडकीपाशी. हे कोणी सुचवलं ते सांगत नाहीत.

काल सोमवार होता. हॉर्न एकदाही नाही. किराणावाले येऊन विचारून गेले, तबीयत ठीक है ना, दुकान बंद तो नहीं कर रहे?

रविवारचा वर्ग बंद केला. फळा नेहाने मागून घेतला. त्यावर कोणाला उद्या काय हलवायचं आहे ते लिहितात, चित्र काढून, कारण दोघींना लिहिता येत नाही. चित्रं चांगली आहेत. एकीने मला काढलं आहे, खुर्चीसकट, बाणाने आणखी लांब.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सफाई. फक्त तारांचे तुकडे आणि चहा. टिकल्यांच्या आजूबाजूने पुसलं. नव्या रीतीपेक्षा जुनी रीत सोपी होती, हे पण खरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हेमचंद्र आले. टिकल्या पाहून चष्मा पुसला. खुर्ची ओढून बसले.

काम सुरू झालं. रंगांचं गाणं, तारा, पेटी, नऊ दिवे. परत नऊ दिवे. परत. मी खिडकीपाशी बसून हातांची घडी घातली होती, कारण मोकळे ठेवले असते तर कोणाच्या तरी खांद्यावरून पुढे गेले असते. दुपारपर्यंत हेमचंद्रांना संशय आला. म्हणाले, गेल्या वेळी हा हॉर्न फार वाजत होता, आज बिघडला काय? एक चुकीचा बनवून दाखवा.

नेहाला सांगितलं, मुद्दाम चुकव. ती बसली आणि तिला जमेना. हात आपोआप हिरवी हिरव्यापाशीच नेत होता. दोनदा बरोबर झाला. सगळ्या तिला ओरडून चुकायला सांगत होत्या, अरे गलत लगा, गलत! शेवटी तिने डोळे मिटून दोन तारा अदलाबदल केल्या.

हॉर्न वाजला आणि सहाच्या सहा जणींनी टाळ्या वाजवल्या. समोरून किराणावाल्यांनी पण. हेमचंद्र इतके हसले की पेन खाली पडलं.

मग त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुम्ही काय काय हलवलं. प्रत्येकीने सांगितलं. कलावतीला सांगायला सर्वात जास्त वेळ लागला, तिने खिळ्याची गोष्ट माझ्या तोंडासकट करून दाखवली. वर्षाचं काम पक्कं. कागद आठवड्यात येईल, पण त्यांनी हात मिळवला, माझ्याशी आधी नाही, कलावतीशी.

नंदाने पेढे आणले. म्हटलं, म्हणजे मी शेवटी बोललो हे मान्य ना? म्हणाली, आज तुम्ही बोललेच नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी हेमचंद्रांचा फोन, बराच वेळ. कंपनीने तिकडे पीथमपूरला मोठा हॉल बांधला आहे, तिथे दोनशे बायका याच कामावर. तिथे चुका फार. त्यांना माणूस पाहिजे, पटिये बनवणारा आणि शिकवणारा. अंबादासजी, शिक्षणाची अट मी काढून टाकतो, म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो, खोटं काहून बोलू. इथलं काम मग तिकडेच हलवतील. या सहा जणींचं बघू, म्हणाले.

मी एकच विचारलं. तिथे टेबलावरच्या बाईला एक खिळा दोन बोटं सरकवावासा वाटला तर ती कोणाला सांगते?

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सुपरवायझरला. तो अर्ज भरतो, अर्ज पुण्याच्या ऑफिसला जातो, तिथून मंजुरी. दीड-दोन महिने, कधी जास्त.

आणि तोपर्यंत?

तोपर्यंत बांगड्या फुटतात, म्हणाले, आणि स्वतःच हसले.

नंदा समोर पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून ऐकत होती. खाली नेहा आणि कलावती रिळांच्या जागेवरून भांडत होत्या, आवाज वर येत होता. फोनवर हात ठेवून नंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, माझ्याकडे काय पाहून राहिले, मी काय हलणार आहे?

फोनवर सांगितलं, येणार नाही. पाहिजे तर तुमच्या चार बायका इथे पाठवा, कलावती दाखवील. त्यांनी विचार करतो म्हटलं.

नोंद ठेवतो: पद, प्रशिक्षण अधिकारी, पीथमपूर. राहायला क्वार्टर वेगळं, वर्षातून एकदा बोनस. पगार महिना पंच्याण्णव हजार रुपये. नाही म्हटलं.